ताइताचा दोरा

या सदराच्या वाचक असलेल्या एका आजीबाईंनी आम्हांस पत्र लिहून दोन प्रश्न विचारिले आहेत. त्यांचा नातू आठ महिन्यांचा आहे. त्याच्यासाठी त्यांनी कुलस्वामिनीच्या क्षेत्राहून चांदीचा एक लहानसा ताईत आणिला असून, तो ओवावयास बाजारी गोफ न घेता स्वतःच्या हातांनी क्रोशाचा साधा दोरा विणावा, अशी त्यांची इच्छा आहे. तो कसा विणावा, हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न त्यांनी ताज्या कलमात घातला आहे. सूनबाई म्हणतात की, बाळाच्या गळ्यात काहीही घालावयाचे नाही. तेव्हा या बाबतीत योग्य काय ते सांगावे.

पहिला प्रश्न हस्तकौशल्याचा आहे व दुसरा संसाराचा. आम्ही दुसरा आधी घेतो. कारण दोरा शरीरावर कोठे यावयाचा हे ठरल्यावाचून तो किती लांब, किती जाड व किती बळकट असावा हे ठरवावयाचे कसे?

ताइतात सामर्थ्य आहे की नाही, या वादात आम्ही शिरत नाही. मुलास ताप आला असता डॉक्टरांस बोलवावे आणि लसी वेळच्या वेळी टोचवाव्या, ही कामे ताइताने होत नाहीत हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. पण आजीने दूरच्या क्षेत्राहून जपून आणिलेल्या वस्तूत तिचा जीव गुंतलेला असतो, हेही खरे. त्या भावनेचा मान राखावयाचा आणि मुलाच्या जिवास रतिमात्र धोका होऊ द्यावयाचा नाही, या दोहोंची सांगड घालणे एवढेच आमचे काम.

संस्कृत वाङ्मयात मुलाच्या अंगावरील ताइताचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अभिज्ञानशाकुन्तलाच्या सातव्या अंकात आहे. मारीच ऋषींनी जातकर्माच्या वेळी अपराजिता नावाची औषधी घातलेला रक्षाकरंडक लहानग्या सर्वदमनास दिला होता. आईबाप किंवा तो मुलगा यांवाचून दुसऱ्या कोणी तो जमिनीवरून उचलला तर त्याचा सर्प होऊन त्या माणसास दंश करील, अशी त्याची ख्याती. मूल सिंहाच्या छाव्याशी झोंबत असता तो करंडक गळून पडतो, दुष्यंत तो सहज उचलतो, त्यास काही होत नाही, आणि हाच मुलाचा बाप हे तापसींस कळून येते. आम्ही हा अंक वर्गात अनेक वर्षे शिकविला. त्यातील दोन गोष्टींकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पहिली ही की, तो करंडक मुलाच्या गळ्यात नसून मनगटास होता. दुसरी ही की, ओढाताण होताच तो सुटून पडला व मनगट शाबूत राहिले. तो सुटला नसता तर कथाही पुढे सरकली नसती. रक्षेच्या दोऱ्याचे दोन्ही गुण येथे आले आहेत: एरवी त्याने वस्तू धरून ठेवावी आणि प्रसंग पडताच ती सोडून द्यावी.

आपल्या घरांतील रूढीही पाहावी. रक्षाबंधनाची राखी मनगटास बांधितात; लग्नातील कंकण मनगटासच असते; तान्ह्या मुलास काळ्या मण्यांच्या मनगट्या, पायांत वाळे आणि कमरेस करदोटा घालितात. म्हणजे ज्या परंपरेचा आधार आजीबाई घेऊ पाहतात, तिनेही संरक्षणाच्या दोऱ्यास मनगट व कंबर ही स्थाने पूर्वीच देऊन ठेविली आहेत. तेव्हा गळ्यास नको असे सूनबाई म्हणतात त्यात धर्माचा अनादर झाला, असे कोणी समजू नये.

आता गळ्याचेच भय एवढे का? मानेवर दाब पडला म्हणजे श्वासनलिका दबण्याच्या आधीच मेंदूतून परतणारे रक्त वाहून नेणाऱ्या शिरा दबतात. त्यास फार जोर लागत नाही. तान्ह्या मुलास मान उचलून किंवा हात घालून स्वतःस सोडविता येत नाही. शिवाय गळा आवळला असता त्यास रडताही येत नाही. म्हणून शेजारच्या खोलीत बसलेल्या आईस काही ऐकू जात नाही. पाळण्याचा खुंट, खाटेचा कोपरा, कपाटाची मूठ यांपैकी कशातही दोरा अडकू शकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला. दात येताना मुलांच्या गळ्यात अंबराच्या मण्यांच्या माळा घालण्याची चाल तिकडे पसरली होती; अशाच एका माळेने अठरा महिन्यांचे एक मूल दुपारच्या झोपेत गळफास बसून दगावले, असे त्या इशाऱ्यात नमूद आहे.

ताइताचेही भय वेगळे आहे. लहान मूल हाती लागेल ते तोंडात घालते. २००६ साली अमेरिकेतील मिनिआपोलिस शहरात चार वर्षांच्या मुलाने दागिन्याचे एक लहानसे पदक गिळले. ते जवळजवळ शुद्ध शिशाचे होते, आणि त्याच्या विषाने ते मूल गेले. चांदीचा म्हणून घेतलेला ताईत खरोखर चांदीचा आहे की वर मुलामा देऊन आत हलका धातू आहे, हे सोनाराकडून पाहून घ्यावे. चांदीचा असला तरी तो घशात अडकू शकतोच.

यावरून आमचे मत असे. तीन वर्षांच्या आतील मुलाच्या गळ्यात दोरा घालू नये. त्याच्या हातास लागेल असा ताईतही कोठे बांधू नये. पाळण्यास किंवा उशीस बांधणे हा तोडगा म्हणून सुचविला जातो, तोही वर्ज्य. कारण मूल तेथेच निजते. हौसच असेल तर सुती करदोटा विणून ताइताशिवाय कमरेस बांधावा. दोरा व अंग यांत दोन बोटे सहज जावीत, रोज स्नानाच्या वेळी खाली वळ उठला आहे काय ते पाहावे, आणि मूल वाढेल तसा तो सैल करावा. ताईत देवघरात ठेवावा. मूल तीन वर्षांचे झाले, आणि गळ्यातील दोरा आपल्या हाताने डोक्यावरून काढता येण्याइतके जाणते झाले, म्हणजे सणावारी तो घालावा. निजताना, झोक्यावर व खेळावयास जाताना काढून ठेवावा. आजीबाईंनी दोरा आजच विणावयास हरकत नाही. वस्तू तयार आहे एवढ्यानेही मनास समाधान वाटते.

आता विणकामाकडे वळू. क्रोशा हा शब्द फ्रेंच असून त्याचा अर्थ लहान आकडा. दोन सुयांच्या विणकामात टाके सुईवर रांगेने थांबलेले असतात. क्रोशात एका वेळी बहुधा एकच टाका सुईवर असतो. त्यामुळे काम केव्हाही खाली ठेविता येते, आणि वृद्ध हातांस हे फार सोयीचे. या विद्येने अनेकांची चूलही पेटविली आहे. आयर्लंडात १८४५ पासून बटाट्याच्या रोगामुळे जो दुष्काळ पडला, त्यात क्रोशाची लेस विणून कित्येक कुटुंबे तगली. आपल्याकडे आंध्रातील नरसापूरच्या परिसरात मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात लेसीचे काम नेले. तेथील क्रोशाच्या लेसीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

सूत कोणते घ्यावे? कापसाचेच घ्यावे. नायलॉनचा दोरा तुटत नाही हा त्याचा गुण म्हणून सांगतात. गळ्यातील दोऱ्यास तोच मोठा दोष आहे. रेशीम सुंदर दिसते, परंतु ओले झाले की त्याचे बळ घटते; कापसाचे सूत ओले असता उलट अधिक बळकट होते, आणि रोजच्या स्नानात व घामात टिकते. क्रोशासाठी जे चकचकीत सूत मिळते ते मर्सराइज केलेले असते. लँकेशायरमधील जॉन मर्सर यांनी १८५० साली या कृतीचे पेटंट घेतले. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात सूत बुडविल्याने त्याचे तंतू फुगून गोल होतात, बळ वाढते व रंग चांगला बसतो. पुढे १८९० च्या सुमारास होरेस लो यांनी ते सूत ताणून धरून हीच कृती केली, तेव्हा त्यास आजची चकाकी आली.

सूत जाडीच्या अंकाने विकतात. अंक जितका मोठा तितके सूत बारीक. आपल्या कामास दहा नंबरचे सूत व दीड मिलिमीटरची सुई पुरे. सूत खरोखर कापसाचे आहे की नाही याची परीक्षा सोपी आहे, पण ती मोठ्या माणसानेच करावी. बोटभर तुकडा चिमट्यात धरून पेटवावा. कापूस कागदासारखा जळून मऊ राख होते. कृत्रिम धागा वितळून त्याचा कठीण मणी बनतो. काळे किंवा तांबडे सूत असल्यास ओले करून पांढऱ्या फडक्यात दाबून पाहावे. रंग उतरला तर ते सूत मुलाच्या अंगासाठी घेऊ नये.

प्रथम वीस टाक्यांचा नमुना करावा. सुताच्या टोकापासून वीतभर अंतर सोडून सरकगाठ घालावी व ती सुईवर घ्यावी. सूत डाव्या हाताच्या तर्जनीवरून नेऊन करंगळीस एक वेढा द्यावा, म्हणजे ताण सारखा राहतो. आकड्यात सूत धरून ते सुईवरील टाक्यातून ओढून काढावे. ही एक साखळी झाली. अशा वीस साखळ्या करून काम उलटे करावे. साखळी समोरून वेणीसारखी दिसते. पाठीवर बारीक उंचवट्यांची एक रांग असते. सुईजवळचा टाका सोडून पुढच्या टाक्याच्या उंचवट्यात सुई घालावी, सूत धरून ओढावे, आणि त्याच ओढीत ते सुईवरील टाक्यातूनही बाहेर काढावे. अशा रीतीने सर्व टाके घेत आरंभापर्यंत परत यावे.

ही परतीची ओळ का करावयाची? नुसती साखळी ताणली जाते, पीळ खाते, आणि तिचे शेवटचे टोक सुटले की ओढताक्षणी सबंध उसवते. परतीची ओळ घातली म्हणजे दोरा चपटा, भरीव व गुळगुळीत होतो, आणि मानेस रुतत नाही.

आता या नमुन्यावर त्रैराशिक मांडावे. आमच्या विद्यार्थ्यांस ते नेहमी रुक्ष वाटे. त्याचा असा उपयोग सांगावयाचे तेव्हा राहूनच गेले होते. दोरा डोक्यावरून सहज निघावा म्हणून डोक्याचा घेर मोजून त्यात चार-पाच सेंटिमीटर मिळवावे. घेर ५५ असल्यास दोरा ६० सेंटिमीटर. वीस टाके ६ सेंटिमीटर भरले, तर ६० सेंटिमीटरांस २०० टाके. पुढे नमुना उसवून त्याचे सूत मोजावे. वीस टाक्यांस जाऊन-येऊन ४५ सेंटिमीटर सूत लागले असेल, तर २०० टाक्यांस साडेचार मीटर. टोकांसाठी एक मीटर अधिक धरावे. प्रत्येकीचा हात निराळा असतो, म्हणून आमचे आकडे न घेता आपल्याच नमुन्याचे घ्यावे. जानव्याचे सूत चार बोटांभोवती ९६ वेढे देऊन मोजतात, त्यातही हेच तत्त्व आहे: ज्याचे जानवे, त्याचीच बोटे.

दोरा प्रत्यक्ष विणताना आरंभी आठ साखळ्या करून शेवटची पहिलीत ओढून घ्यावी, म्हणजे एक लहान कडे होईल. त्यापुढे २०० साखळ्या कराव्या. शेवटी आणखी आठ करून तसेच दुसरे कडे करावे, आणि मग २०० टाक्यांवरून परत यावे. मोकळी टोके बोथट सुईने दोऱ्यातच पाच सेंटिमीटर ओवून, दिशा फिरवून पुन्हा थोडी ओवावी व कापावी. हे काम आळसाने सोडू नये. सुटे सूत तान्ह्या मुलाच्या बोटाभोवती गुंडाळून रक्तप्रवाह अडविते, असे बालरोगतज्ज्ञांस वेळोवेळी आढळते. करदोट्यास तर ही काळजी दुप्पट घ्यावी.

ताइताची कडी अरुंद असल्यास सोनाराकडून थोडी मोठी बसवून घ्यावी. विणलेला दोरा तीतून सहज सरकला पाहिजे. कडीवरून रेशमी रुमाल फिरवावा. रुमाल कोठे अडला तर तेथे धार आहे असे समजून ती घासून घ्यावी, नाहीतर तीच धार पुढे दोरा कापते. ताईत एका जागी शिवून टाकू नये. तो सरकता असला म्हणजे झीज एकाच टाक्यावर येत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग, म्हणजे मागची जोडणी. दोन्ही टोकांची कडी क्रोशाच्याच सुताने जोडू नयेत. शिवणाच्या कापशी दोऱ्याचा एकेरी धागा दोन्ही कड्यांतून एकदाच ओवून त्याची गाठ मारावी व टोके आखूड कापावी. सबंध दोऱ्यात हाच एक मुद्दाम ठेविलेला दुबळा दुवा. हल्ली शिवणाचा दोरा पुष्कळदा पॉलिएस्टरचा असतो व तो सहज तुटत नाही, म्हणून वर सांगितलेली जाळण्याची परीक्षा येथेही करावी. टिचबटन लावावे असे कोणी सुचवील. ते वरून उचकटले असता उघडते, परंतु लांबीच्या दिशेने ओढले असता घट्ट धरून राहते. गळ्यातील दोऱ्यावर ओढ लांबीनेच येते, म्हणून ते येथे निरुपयोगी. लोहचुंबकाची बटने तर घरात लहान मूल असता आणूच नयेत. ती गिळली गेली तर आतड्यांस भोके पाडतात.

जोडणी झाल्यावर दोरा खुंटीस अडकवून खाली पिशवी टांगावी. अर्धा किलो वजन त्याने पेलावे, आणि दोन किलो घालताच तो मागच्या धाग्यापाशी तुटावा. तुटला नाही तर आणखी बारीक धागा घ्यावा. परीक्षा झाली की नवा धागा बांधावा. या परीक्षेने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. म्हणून निजताना व खेळताना दोरा काढून ठेवण्याचा नियम कायमच आहे.

दोरा तुटणे हा अपशकुन, अशी समजूत पुष्कळ घरांत आहे. या समजुतीमुळेच लोक अधिकाधिक चिवट दोरे शोधितात. आम्ही आमच्या वाचकभगिनींस एवढेच सांगू की, ओढ बसताच जो दोरा तुटला त्याने आपले काम केले. ताईत उचलावा, धुवावा, नवा धागा बांधावा; त्यास आणे-दोन आण्यांचेही सूत लागत नाही. मुलास रागे भरू नये, नाहीतर पुढच्या खेपेस तुटलेला दोरा ते लपवील.

दोरा आठवड्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात धुवावा, पिळून न काढता टॉवेलात दाबावा व सावलीत पसरून वाळवावा. ओला दोरा गळ्यात ठेविल्याने त्वचेस खाज सुटते. कडीखालचे सूत विरळ झाले आहे काय, हे महिन्यातून एकदा उजेडात धरून पाहावे. डोक्याचा घेर वाढतो, तेव्हा मापही वर्षातून एकदा घ्यावे. यासाठी एक दिवस नेमून ठेविलेला बरा. श्रावणात आपण जानवे बदलतो, पोवती करितो. त्याच दिवशी मुलांच्या गळ्यांतील व कमरांचे दोरेही बदलावे. दोनशे टाक्यांस सवयीच्या हातास एक दुपार पुरते. आजीने साखळी घालावी, सूनबाईंनी परतीची ओळ घ्यावी, आणि पिशवी टांगून मागच्या धाग्याची परीक्षा दोघींनी मिळून करावी.